महाराणीचे त्रिकोण

आमच्या घरी जेवायला आम्ही दोघंच असायचो, पण ताटावर कायम तिघं. तिसरी ती महाराणी. हे नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. माझी बायको रसायनशास्त्रज्ञ, सोन्याचे अतिसूक्ष्म कण बनवते. महाराणी त्याच प्रयोगशाळेत, तिच्या शेजारच्याच टेबलावर तेच काम करायची. मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या लेखी लहानात लहान वस्तू म्हणजे नकाशावरचं गाव, त्यामुळे पहिली काही वर्षं मी नुसती मान डोलावत जेवलो.

बायकोचे वडील चष्मे करायचे. शाळा सुटली की ही दुकानात बसून भिंगं पुसायची. उजेडाकडे धरायची, डाग दिसला की पुन्हा पुसायची. तिथून तिला स्वच्छतेचं जे वेड लागलं, ते आजतागायत उतरलेलं नाही. काचेच्या भांड्यात आधीचा कण राहिला तर प्रयोग बिघडतो, म्हणून आम्लानं भांडी धुवावी लागतात. बाकीचे एकदा धुतात, ही समाधान होईस्तोवर. घरीसुद्धा मी धुतलेला पेला ती खिडकीशी नेऊन बघते. माझा पाणउतारा करण्याची ती तिची शांत पद्धत आहे.

आणि महाराणी? तिच्या टेबलावर पसारा, ओढणीला डाग, कामावर यायची ती उशिरा. पण कण बनवावेत तिनंच. सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात साबणासारखी एक पांढरी पूड घालतात, तिच्या आधारानं कण आकार घेतात. दोघी एकच कृती करायच्या. बायकोच्या कुपीत गोल कण, पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल. महाराणीच्या कुपीत चपटे, टोकदार त्रिकोण आणि पाणी जांभळं. हे त्रिकोण उजेड पडला की तापतात, म्हणून रोगट पेशी जाळायला त्यांचा उपयोग होईल अशी सगळ्यांना आशा. गोल कण कोणालाही जमतात. त्रिकोण फक्त महाराणीला.

“सर म्हणतात, तिच्या हातात जादू आहे,” बायको पोळीचा तुकडा मोडत म्हणायची. “भांडं धड धूत नाही आणि म्हणे जादू!”

“असेल गं एखादीच्या हाताला गुण.”

“तुम्ही तिच्याच बाजूनं बोला.”

मग माझ्याही पोटात दुखायचं. बावीस मुलांना मी बोर्डात पहिल्या श्रेणीत आणलं, तेव्हा हिनं “छान” म्हटलं आणि आमटी वाढली. महाराणीनं नवी चप्पल घेतली तर त्यावर दोन दिवस चर्चा! लोकांच्या बायका परपुरुषाच्या गप्पा मारतात म्हणून नवरे जळतात. मी एका बाईवर जळत होतो, जिला मी एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरी.

सर निवृत्त व्हायला आले आणि विभागप्रमुखाची जागा निघाली. जागा एक, दावेदार दोघी. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर त्रिकोण करून दाखवायचे. बायकोनं जेवण टाकलं. तिला ती जागा हवी होती, पण त्याहून जास्त, ती महाराणीला मिळायला नको होती. हे ती उघड बोलायची, आडपडदा नाही.

आणि एके दिवशी ती घरी आली ती गुणगुणत. महाराणीचे त्रिकोण बंद पडले होते! आठवडाभर तिच्याही कुपीत नुसता लाल रस. महाराणीचा चेहरा उतरला होता आणि माझ्या बायकोला दोन घास जास्त जात होते. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं.

पण त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या कपाळाला आठ्या. “अहो, हाताची जादू अशी एकाएकी कशी जाईल?”

“गेली तर गेली. तुला काय?”

“मला काय म्हणजे?” ती भडकलीच. “मग इतकी वर्षं मी कशाच्या नावानं जळत होते?”

शोधता शोधता ती पोचली कोठीतल्या जुन्या पिंपाशी. नोकरीला लागली तेव्हा त्या पिंपातली ती साबणासारखी पूड तिलाही देऊ केली होती. “कोणाकोणाचे चमचे त्यात गेलेत,” असं म्हणून तिनं नाक मुरडलं आणि स्वतःसाठी सर्वांत महाग, सर्वांत शुद्ध पूड मागवली. महाराणीला कशाचंच सोयरसुतक नव्हतं, एकटी तीच पिंपातली वापरत राहिली. ते पिंप नुकतंच संपलं होतं आणि महाराणीला नवं फोडून दिलं होतं.

बायकोनं जुन्या पिंपाचा तळ खरवडला आणि तपासला. त्यात आयोडाइड नावाच्या क्षाराचा अंश निघाला. नगण्य, पण तेवढी घाण होती म्हणून त्रिकोण होत होते. तिनं आपल्या शुद्ध पुडीत हातानं चिमूटभर आयोडाइड मिसळलं. पाणी जांभळं झालं.

“मी इतकी वर्षं घासघासून धुतलं,” ती मला म्हणाली, “आणि हवी होती ती घाण.” हसावं की रडावं हे तिला कळेना. मी हसलो नाही, तेवढी अक्कल मला आहे.

आता ही गोष्ट फक्त तिला ठाऊक होती. परीक्षक चार दिवसांवर. मी म्हटलं, “गप्प बस. तुला कोणी विचारलेलं नाही.”

“गप्प बसले तर लोक म्हणतील, महाराणीची वेळ वाईट होती. जन्मभर म्हणतील. मला ती तशी हरायला नकोय. तिचे त्रिकोण तिच्या हातात असताना मला तिला चारीमुंड्या चीत करायचंय.”

दुसऱ्या दिवशी तिनं महाराणीला सगळं सांगून टाकलं.

निकालाच्या दिवशी ती घरी आली, पर्स खुर्चीत टाकली आणि तशीच बसली. मी भीत भीत विचारलं, “तिला मिळाली?”

“मला मिळाली.”

“अगं मग!”

“दोघींचेही त्रिकोण झाले. परीक्षकांनी तिला विचारलं, मध्ये बंद का पडले होते? ती म्हणाली, मला नाही कळलं, हिनं शोधून काढलं. वर म्हणाली, मी नशिबानं करत होते, ही समजून करते, जागा हिलाच द्या.” बायकोचा आवाज चढला. “बाहेर येऊन मला मिठी मारली हो तिनं! म्हणाली, किती बरं वाटलं, शेजारी तू होतीस म्हणून.”

“चांगली आहे की मग बिचारी.”

“तेच तर!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी तिला सांगितलं ते तिला हरवायला. तिनं कशासाठी सांगितलं? मी विचारलंसुद्धा, तुला ही जागा नको होती का? म्हणाली, हवी होती गं, पण तुझं काम चांगलं आहे.”

मी पाण्याचा पेला पुढे केला. पहिल्यांदाच तिनं तो उजेडाकडे न धरता घेतला.

“अहो,” ती म्हणाली, “इतक्या वर्षांत तिला माझा एकदाही हेवा वाटला नाही.”

आणि मग ती हमसून हमसून रडली.