रायफलवरची दुर्बीण

विष्णूकाका देवस्थळींनी कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं पेशंटना भूल दिली, आणि त्या तीस वर्षांत कुणावर म्हणून विश्वास ठेवला नाही. सिलिंडरवर ऑक्सिजन लिहिलंय, पण आत ऑक्सिजनच आहे कशावरून, असं विचारणारा हा माणूस. रिटायर झाल्यावर हरणांच्या शिकारीचा नाद लागला, तिथेही तेच. दुकानदार, हवामानखातं, सगळे चोर.

यंदा त्यांनी लीव्हर-ॲक्शन रायफल घेतली. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की नवी गोळी चढते, तसली. तिच्यावर दुर्बीण बसवायची होती. ‘‘ऋजुता, तू डोळे तपासतेस. काचेच्या बाबतीत तुला कोण फसवणार? चल.’’

मी गेले, पण माझ्या मनातही पाल चुकचुकत होतीच. बंदुकीच्या परवान्यासाठी पोलीस दोन ओळखीच्या माणसांना विचारतात, ह्या माणसाच्या हाती बंदूक देणं ठीक आहे ना? त्यातली एक मी. मागच्या वेळी बेधडक ‘हो’ लिहिलं होतं. ह्या वर्षी पुन्हा लिहायचं होतं, आणि हल्ली काका किटलीतून चहा ओतायला गेले की धार कपाऐवजी बशीत पडत होती. डोळे तपासायला या म्हटलं की विषय बदलत.

दुकानदाराने हातभर लांब दुर्बीण पुढे केली. काका मला मराठीत म्हणाले, ‘‘सोळा पट! मला काय चंद्रावर शिकार करायचीय?’’ मग त्याला इंग्रजीत ऐकवलं, की झाडीत हरीण साठ यार्डांवर असतं, तिथे कमी मॅग्निफिकेशन हवं. आणि डोळा काचेपासून चार इंच तरी लांब राहायला हवा, नाहीतर रायफलच्या धक्क्याने भुवई फुटेल. सगळं बरोबर होतं. मला स्वतःच्या संशयाची लाज वाटली.

दुकानदाराने तीन लहान दुर्बिणी दिल्या आणि दारातून समोरचं धुराडं बघायला सांगितलं.

‘‘धुरकट,’’ काका म्हणाले. दुसरीही धुरकट. तिसरी सगळ्यात महाग, तीही. ‘‘रिटर्न आलेला माल खपवतोय हा. बघ तू.’’

मी बघितलं. तिन्हींतून विटा मोजता येत होत्या. मला सरळ भीती वाटली. काका शिकारीला जातात त्या झाडीतून लोक कुत्री घेऊन फिरतात.

‘‘काका, डावा डोळा लावा.’’

‘‘मी उजवा आहे.’’

‘‘लावा तर खरं.’’

त्यांनी लावला. दुर्बीण खाली घेऊन पुन्हा त्याच डोळ्याला लावली. मग माझ्यावर उखडले, ‘‘दुकानदाराशी तुझं काही ठरलंय का?’’

‘‘हो, कमिशन घेते मी!’’ माझाही पारा चढला. ‘‘माझ्यावर नका विश्वास ठेवू. तुमचं तुम्ही तपासा.’’

त्यांनी रुमालाने काच पुसली. उजवा, डावा, पुन्हा उजवा. तीनही दुर्बिणी, एकेक करून, न चुकवता. शेवटी त्या काउंटरवर ठेवल्या आणि दुकानदाराची चक्क माफी मागितली. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘पोलिसांचा फॉर्म आलाय ना तुला?’’

‘‘आलाय.’’

‘‘खरं लिही.’’

मी फक्त रायफलचाच विचार करत होते. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.