लिंबोणीचा अंगरखा

डोळे अधू झाले तसं टेलरमास्तरांनी शिवणयंत्रावर फडकं टाकलं ते टाकलंच. लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरातली मागची खोली आणि खोलीसमोरची पुरुषभर उंचीची लिंबोणी, एवढाच त्यांचा संसार. लिंबोणीवर अळ्या यायच्या. मास्तर त्यांना खोक्यात ठेवून पाला चारायचे, कोषांची राखण करायचे आणि फुलपाखरू उडालं की दिवसभर खुशीत असायचे.

"लोक नातवंडं वाढवतात, आमचे भावोजी किडे," धाकट्याची बायको म्हणायची.

धाकट्याला तिथे गाडी उभी करायची होती. मास्तर कधी नव्हे ते अडून बसले. शेवटी तोच म्हणाला, "बरं दादा, झाड हिरवं आहे तोवर हात लावणार नाही. वाळलं तर मात्र बोलायचं नाही."

"कबूल." एवढं हिरवंगार झाड कशाला वाळतंय?

पुढच्याच आठवड्यात धाकटा जाळीचं कापड घेऊन आला. "पक्षी अळ्या टिपतात म्हणतोस ना? मग अख्खं झाडच झाकून टाक."

मास्तरांना भरून आलं. त्यांनी झाडाचं माप घेतलं, यंत्रावरचं फडकं काढलं आणि लिंबोणीला पायघोळ अंगरखा शिवला, अगदी काजा-बटणांसकट.

"मास्तर, बाही लांब झाली हो!" शेजारी कुंपणावरून ओरडला. मास्तर लाजून हसले.

आत ना पक्षी, ना गांधीलमाशी. फुलपाखरं बाहेर सोडणंही मास्तरांच्या जिवावर येऊ लागलं. ती आतच अंडी घालू लागली. पूर्वी एखादीच अळी तगायची, आता सगळ्याच तगल्या. त्यांनी कोवळा पाला खाल्ला, मग जून पाला, मग फुटेल तो कोंब. मास्तर कोष बघण्यात दंग. पानांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. अखेर अंगरखा उतरवला तेव्हा आत नुसता काट्यांचा सापळा उभा होता. पाणी झालं, खत झालं. नखाने फांदी खरवडली तर आत हिरवं काहीच नाही.

"कुंपणानेच शेत खाल्लं की, भावोजी," धाकट्याची बायको म्हणाली. मग जरा घुटमळून, "कापड आणलं तेव्हाच हे मला म्हणाले होते, आता जागा आपोआप मोकळी होईल. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

केसाने गळा कापायचा तर निदान केस तरी कापणाऱ्याचा स्वतःचा लागतो. इथे सुईदोरासुद्धा मास्तरांचाच होता.

झाड तुटण्याआधी त्यांनी कोषांच्या काड्या तेवढ्या खोलीत आणून ठेवल्या. पहिलं फुलपाखरू निघालं तेव्हा बाहेर सिमेंट वाळून गाडी उभी राहिली होती. मास्तरांनी खिडकी उघडली. फुलपाखरू झाडाच्या जागी घिरट्या घालत राहिलं, गाडीच्या टपावर टेकलं, उठलं, पुन्हा टेकलं.

"बघ, उडालं की! उगाच तोंड पाडून बसला होतास," धाकटा गाडी पुसत म्हणाला. "आणि दादा, ते कापड वाया कशाला घालवायचं? गाडीच्या मापाचं करून दे ना."

मास्तरांनी खिडकी लावून घेतली. मग टेप शोधायला लागले.