दुखतं का, असं विचारणारा माणूस

कलावंत संघाचा माणूस दारात आला तेव्हा सुभद्राने त्याला पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्यांत ती चटकन कुणाला बसवत नसे. उभा जन्म लावणीच्या पार्टीत नाचण्यात गेलेली बाई. गोड बोलणाऱ्याची तिला भारी चीड. त्यात हा तर अनंतराव, तिच्याच पार्टीचा जुना मॅनेजर. आता म्हणे नाचणाऱ्या बायकांच्या कल्याणासाठी संघ काढला होता.

"रविवारी गांधीबागेत हाडाच्या डॉक्टर येऊन राहिल्या. फुकट तपासतात. तू ये, तुह्या पोरीलेही आण, मिनलले."

"आमच्या गुडघ्याचा पुळका आताच काहून आला, अनंतभाऊ?"

अनंतराव नुसता हसला आणि गेला. ते हसणं सुभद्राला अजिबात आवडलं नाही.

हाच माणूस पूर्वी दिवाळीच्या तोंडावर, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू व्हायच्या आधी, एकेकीला विचारायचा, "गुडघा दुखते का?" जी भोळी खरं बोलली ती हंगामभर घरी बसली. मग बायका शहाण्या झाल्या. दुखतं का म्हटलं की नाही म्हणायचं, वर एक गिरकी घेऊन दाखवायची. मिनल नाचायला लागली तेव्हा पायात घुंगरं बांधायच्या आधी सुभद्राने तिला हेच शिकवलं. आता सुभद्रा स्वतः जिना बसत बसत उतरायची, पण शेजारणींना ते तिने कळू दिलं नव्हतं.

तरी रविवारी दोघी गेल्या. नाही गेलो तर दुखतं म्हणूनच आल्या नाहीत असं तो समजेल आणि पार्टीवाल्यांना सांगेल, हा सुभद्राचा हिशोब. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानावरचा हॉल बायकांनी भरला होता. डॉक्टरीण तरुण होती आणि अनंतराव नेमका तिच्या खुर्चीमागे उभा होता. सुभद्राच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरीण एकेकीला दुखतं का विचारी आणि जी ती ठसक्यात सांगे, काही नाही. बिचारी चक्रावून गेली. इतक्या ठणठणीत बायका तिने कधी पाहिल्या नसतील.

मिनलची पाळी आली.

"एकदम मस्त आहे," मिनल म्हणाली आणि उठून गिरकीही घेतली. फिरताना तिने ओठ दातांखाली दाबला. सुभद्राने ते पाहिलं. लेक अजून तिशीचीही नव्हती.

"खोटं बोलून राहिली, मॅडम," सुभद्रा रांगेतूनच बोलली. "कार्यक्रमाहून आली का डावा पाय सुजते तिचा. नीट पहा."

डॉक्टरणीने गुडघा दाबला तशी मिनल कळवळली. यंदाचा हंगाम नाचायचं नाही, डॉक्टरीण म्हणाली, नाहीतर पाय जन्माचा जाईल. अनंतरावाने सगळं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि सुभद्राचा त्याच्यावर तेव्हाही काडीचा विश्वास नव्हता.

मिनल लंगडत आईजवळ आली. "माय, मले घरी बसवाले त्यानं तुले काय कबूल केलं वं?"

सुभद्राला रागावताही येईना. लेकीच्या जागी तिनेही हेच विचारलं असतं, आणि याचंच तिला फार वाईट वाटलं. ती भिंत धरत पुढे गेली, खुर्चीत बसली आणि अनंतरावाच्या देखत तिने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

"माहे दोन्ही पहा, मॅडम. लय दुखतात. इच्याएवढी होती तवापासून दुखतात."