बागेची किल्ली

ओल्या ऑइलपेंटचा वास आला की धुळ्यातली एक बाग आठवते. दगडफेकीनंतर वर्षभर बंद असलेलं तिचं फाटक दोन्ही मोहल्ल्यांच्या शांतता समितीने रंगवून उघडलं होतं. किल्ली समितीच्या आबांकडे देताना फौजदारांनी बजावलं, "एक दगड पडला, तर परत कुलूप." पहिल्याच संध्याकाळी, मी बातमीसाठी उभा असताना, शिपायाच्या पायाशी काहीतरी धाडकन आदळलं. झोके थांबले. फौजदारांनी किल्लीसाठी हात पुढे केला. आबा सावकाश वाकले आणि एक फुटकं फळ त्या हातावर ठेवून म्हणाले, "कवठ शे साहेब. झाडले समितीमा लेवानं राही गयं." फौजदारांनी वर, समितीत घ्यायच्या राहून गेलेल्या त्या झाडाकडे पाहिलं आणि किल्ली मागितली नाही. माझ्या वहीत तोवर 'बागेत पुन्हा दगडफेक' असं लिहून झालं होतं. खोडलेली ती ओळ आजही वाचता येते.