बिडाचा तवा आणि माझं वाकडं मन

वहिनी, लग्न होऊन बोईसरला निघाले तेव्हा कुडाळ स्टेशनवर आईने माझ्या मांडीवर घावण्यांचा बिडाचा तवा ठेवला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, तान्ह्या पोराएवढा जड. सगळे रडत होते आणि आई कानाशी येऊन सांगत होती, "तव्याक साबण लावलंस तर बघ! आणि कोणाक देऊ नको." मला रागच आला. लेक चाललीय सासरी, आणि हिला काळजी तव्याची!

पण तिचा संशयी स्वभाव मी पुरेपूर उचलला. इथे ह्यांची केमिकलच्या कारखान्यात शिफ्ट ड्युटी, शेजारी कोणी बिहारचं, कोणी जळगावचं, आणि समोरच्या दारात जवळच्या दांडी गावच्या मावशी, सुकी मासळी विकणाऱ्या. कोणी वाटीभर साखर मागायला आलं तरी मला वाटायचं, हिची नजर तव्यावर आहे. मी तो तांदळाच्या डब्यामागे सारून ठेवायचे. घावण्यांचा तवा वेगळा आणि माशांचा वेगळा, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. इथे सांगितलं की लोक हसतात.

गेल्या वर्षी आई अत्यवस्थ असल्याचा तुझा फोन आला आणि मी होते तशी निघाले. तवा धुतलेला, ओलाच शेगडीवर राहिला. तुळशीला पाणी घालायला किल्ली मावशींकडे दिली, तीही नाइलाजाने. आईचं सगळं उरकून दोन महिन्यांनी परत आले, तर तवा भिंतीला टेकवून उभा. काळाभोर, तेलकट. नाकाशी नेला. बोंबलाचा वास!

झालं, माझं डोकंच फिरलं. आई गेली आणि हिने तिच्या तव्यावर बोंबील तळले! साधं विचारायलाही गेले नाही. पावडर आणि तारेची घासणी घेतली आणि रडत रडत घासत बसले. मोरीतून काळं पाणी वाहत होतं तरी माझा हात थांबेना. थांबले तेव्हा तवा राखाडी, खरखरीत झाला होता. आईने इतकी वर्षं घावणे घालून, तेल पाजून चढवलेला थर मी एका दुपारी मोरीत घालवला होता.

संध्याकाळी मावशी चहा घेऊन आल्या. तवा बघितला आणि कप हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"बाय, ह्ये काय केलंस? गंजून तांबडा झालेला. मी मिठानं चोळला, रोज तेल लावून तापवला. तुज्या आयचा हाय, तूच बोललेलीस ना, म्हणून."

मी वासाचं बोलले. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "ह्यो वास माज्या हाताचा हाय. किती धुतलं तरी नाय जात."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. तवा पलंगाखाली ढकलला आणि कित्येक महिने त्याच्याकडे बघितलं नाही. मग तुझा फोन आला, "वर्षश्राद्धाला आईंचा तवा आण, नैवेद्याचे घावणे त्याच्यावरच करू." मी म्हटलं, गाडीत ओझं होतं गं. दादाला वाटलं, हिला तवा द्यायचा नाही. वाटू दे म्हटलं, खरं सांगण्यापेक्षा ते बरं. पण आता राहवत नाही. आईचा तवा मीच घासला, वहिनी. दुसऱ्या कोणी नाही.

त्या फोननंतर मी स्वतः मावशींचं दार वाजवलं. तेव्हापासून रोज आम्ही दोघी बसतो. तेल लावायचं, धूर येईपर्यंत तापवायचा, निववायचा, अर्ध्या कांद्याने पुसून पुन्हा तेल. सुरुवातीचे घावणे चिकटून फाटले, माझा धीर सुटला. मावशींचा नाही सुटला. काल एक अख्खा निघाला, जाळीदार. मावशींनी तो उभ्याउभ्याच खाल्ला आणि "बराय" म्हणाल्या.

त्या गेल्यावर माझ्या वाकड्या स्वभावाप्रमाणे मी तवा नाकाशी नेलाच. येतो गं, थोडा वास येतो. कांद्याचा की मावशींचा, देव जाणे. पण घासणीला मी हात लावला नाही. येताना तवा आणते. पहिला घावन तू खाऊन बघ. नैवेद्याला चालणार नसेल तर खुशाल तुझ्या तव्यावर कर, मी रुसणार नाही. कोणी नाक मुरडून विचारलंच, हा वास कसला, तर मीच सांगेन, माझ्या घरचा आहे.