या, कबीकज

हातानं लिवलेली पुस्तकं माझ्याइतकी आमच्या भागात कुणी हाताळली नसतील. त्यातलं वाचलं एक बी न्हाई, कारण मला वाचायाच येत न्हाई. हे बी मी सांगायलोय आन् लिवायलाय दुसराच.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या मागनं मी गुलबर्ग्याला एका जुन्या कुतुबखान्यात, म्हणजे वाचनालयात, चपराशी लागलो. बायको वारली व्हती, लेकरूबाळ न्हाई. खटकचिंचोळीला भावाच्या घरी बसलो की भावजय माझ्या भवतीनं झाडायची. एकदा तिनं झाडणी माझ्या पायावरनंच नेली. मला कुठलीबी गोष्ट उशिरा कळती, पर ती लगेच कळली.

कुतुबखान्याच्या म्होरच्या दालनात लोक पेपर वाचाया यायचे. माझं काम मागच्या खोलीत. तिथं सगळी जुनी हातानं लिवलेली पुस्तकं. फारसी, दखनी, मोडी, कानडीची ताडपत्रं. लाल फडक्यात बांधून कपाटात ठिवलेली. मी धूळ झटकायची, कडुलिंबाचा वाळका पाला काढून नवा घालायचा, ऊन कडक असलं की एकेक पुस्तक सोडून हवेला ठिवायचं. त्या खोलीत कुणीच येत नव्हतं. निस्ते एक म्हातारे मौलवीसाब, पुस्तकांची यादी करायला बसलेले. ते दिवसदिवस तोंड उघडायचे न्हाईत. मी काही गंमत केली की चष्मा काढून पुसायचे आन् परत घालायचे. मी म्हणायचो, हसले.

आधी सुट्टी शुक्रवारी असायची, मग रविवारी झाली. म्होरच्या दालनातले बाबू त्याच्यावर लई बोलायचे. मला दोन्ही वार सारखेच. खोलीवर जाऊन भिताडाकडं बघत बसायचं, ते कुठल्या का वारी असंना. कुणीतरी यावं, बसावं, चहा घ्यावा, एवढंच मला पायजे व्हतं. माझ्याकडं कप बी दोन व्हते.

धूळ पुसता पुसता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. फारसी पुस्तक उघडलं की लई जागी पहिल्याच पानावर एकच चित्र. दोन तिरक्या काठ्या, खाली ठिपके, शेवटाला पोट सुटलेलं एक अक्षर आन् त्या पोटात एक ठिपका. पोटामुळं मला वळखू यायचं, आमचा भाऊ तसाच बसतो.

मी मौलवीसाबाला इचारलं, "साब, हे काय लिवलंय?"

त्यांनी मान वर न करता वाचलं, "या कबीकज."

"आन् ह्या दुसऱ्यावर?"

"या कबीकज. सब पे वहीच है. जा, काम कर."

मी गेलो. पर डोस्क्यात ते बसलं. या, कबीकज. पाव्हण्याला आपण म्हणतो तसं. या, बसा. मला वाटलं, कबीकज म्हणून कुणीतरी लई मोठा माणूस असणार. ज्यानं त्यानं पुस्तक लिवायला घेतलं की पहिलं त्यालाच बोलावणं. आन् हा पठ्ठ्या कुणाकडंच गेलेला दिसत नव्हता, न्हाईतर दुसऱ्यानं कामून बोलावलं असतं?

मग मी बी वाट बघायला लागलो. इतक्या लोकांनी बोलावलंय, तर कधीतरी येईलच की. खिडकीपाशी एक मोडकी तिवई व्हती, तिचा पाय सुतळीनं बांधला आन् ती रोज पुसून ठिवायला लागलो. दुपारच्याला पाला बदलताना बोलायचो बी. "आज बी न्हाई आलात, मालक. उन्हाचं नका निघू, बरं का." खिडकीतनं वारं आलं आन् पानं हालली की बरं वाटायचं. मौलवीसाब एकदा वळून बघायले. मी म्हणलो, खोकला आलाय.

अशी एक-दोन वर्षं गेली. मग हैदराबादवरनं हुकूम आला, की ही हातानं लिवलेली पुस्तकं समदी तिकडच्या मोठ्या कुतुबखान्यात न्यायची. न्यायला एक साहेब आले. औरंगाबादकडचे, मराठी बोलणारे. दोन दिवस आम्ही पुस्तकं पेट्यांत भरली. कपाटं रिकामी व्हायली तशी खोली मोठी दिसायला लागली. आता हितं मी आन् ती तिवईच ऱ्हाणार.

शेवटली पेटी बांधताना मी साहेबाला म्हणलो, "साहेब, हैदराबादचा पत्ता लिवून ठिवा."

"कशाला?"

"मागनं कबीकजसाहेब आले तर त्येंना कुठं पाठवू?"

साहेब मौलवीसाबाकडं बघायले. मौलवीसाबानं चष्मा काढला, पर पुसला न्हाई.

"कौन आने वाला है, अण्णा?"

"तेच की, साब. ज्येंला समद्यांनी बोलावलंय. या, कबीकज. मी तिवई बी पुसून ठिवलीया."

म्हातारा असा हसाया लागला की पेटीचा आधार घेतला. "अरे, वो तुम्हारा मराठी का 'या' नहीं है. 'या' माने 'हे'. हाक है, हाक. कबीकज कीड़ों का बादशाह. हे कबीकज, तेरी रय्यत को सम्हाल, मेरी किताब नक्को खा, ऐसा बोलते."

म्हणजे दोन वर्षं मी किड्यांच्या राजासाठी आसन पुसायलो व्हतो. आन् एका हातानं त्याला या म्हणत दुसऱ्या हातानं त्याच्या रयतेवर कडुलिंब टाकायलो व्हतो. साहेब बी हसले. मी बी हसलो. त्या खोलीत तिघं मिळून हसलेलं ते पहिलंच. मला वाटलं, आता साहेब खुशीत हायती, हीच वेळ हाय.

मी म्हणलो, "साहेब, मग मी बी येतो संगं. पाला कधी बदलायचा, कुठलं पुस्तक कसं सोडायचं, मला समदं ठावं हाय. पगार आहे तोच द्या. कोपऱ्यात पडून ऱ्हाईन."

मौलवीसाबाचं हसणं थांबलं. ते खाली बघून चष्मा पुसायला लागले. साहेबानं पेटीवरची दोरी वढून बघितली, घट्ट हाय का न्हाई ते.

"त्यांनी पुस्तकं मागवलीत," साहेब म्हणाले. "तुला कुणी मागवलेलं नाही. धर ते टोक, पेटी उचल."