माझ्या दंडाला राख लागली नाही

माझ्या डाव्या दंडावर तीन खळगे आहेत. ते आईच्या दुर्लक्षामुळे राहिले, आणि ते राहिले म्हणून मी वाचले. तेव्हा मी तिचे उपकार मानावेत, असं काही शहाणी माणसं सुचवतात. मी मानत नाही. ती मला वाचवायला निघालीच नव्हती.

आमचं गाव चौसाळ्याजवळ. राज्य निजामाचं. आमच्या गावाला सरकार दिसायचं ते सारा घ्यायला आणि देवी काढायला, म्हणजे देवीच्या रोगाची लस द्यायला. सारा देताना माणसं नुसती कण्हत, पण देवी काढणारा येतोय म्हटलं की पोरांना कणगीत आणि कडब्यात लपवत. हा माणूस बीडहून घोड्यावर यायचा, सोबत एक शिपाई. तोंडाचा फटकळ. पोराचा दंड आवळून धरायचा आणि "हलू नगं बे, कापीन," म्हणून दम द्यायचा. कापत काहीच नव्हता. बारीक सुरीनं कातडीवर तीन जागी ओरखडे काढून त्यात लस भरायचा, झालं. पण असल्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? मीही ठेवला नसता.

त्यात त्या साली ओढ्यावर पुलाचं काम चाललं होतं. पूल टिकायचा तर त्याच्या पायात पोर पुरावं लागतं, आणि त्यासाठीच सरकार पोरांच्या दंडावर खुणा करून ठेवतंय, ही बातमी माझ्या चुलतीनं बाजारातून आणली. चुलतीला घरातलं मीठ संपलेलं ठाऊक नसायचं, पण सरकारच्या पोटातलं सगळं ठाऊक असायचं.

"पोरं हेरायलेत," ती आईला म्हणाली. "खूण आसंल त्येच उचलतेत."

शिपाई दारात येऊन उभा राहिला तेव्हा लपवायला वेळच नव्हता. मी सात-आठ वर्षांची, भाऊ अजून बोबडं बोलणारा. दोघांचेही दंड ओरखडून झाले. निघताना तो माणूस ओरडला, "पुसू नगा बरं! पुसलं तर समदं बेकार जाईल." हे त्यानं सांगायलाच नको होतं. पुसल्यानं बेकार जातं, हे आईला तोवर माहीत नव्हतं.

घोडा वेशीबाहेर गेला न गेला तोच आईनं भावाला चुलीपाशी ओढलं. त्याचा दंड पाण्यानं धुतला, पदरानं खसाखसा पुसला, वर लिंबू पिळलं आणि चुलीतली राख चोळली. तो बोंबलत होता, ती रडत रडत त्याला कुरवाळत होती. मग मी माझा दंड पुढं केला.

"तुला काय होतंय?" ती म्हणाली. "जा, शेण काढ."

पुलाच्या पायात मी गेले असते तर चाललं असतं, हे मला त्या वयातही स्वच्छ कळलं. त्याचा राग मला तेव्हा आला आणि आजही आहे.

पुढं मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवलं. माझ्या दंडात नंतर काय घडलं ते मी बाही वर करून वर्गाला सांगायची. ती लस खऱ्या देवीची नव्हती, गुरांना होणाऱ्या तिच्या सौम्य भावकीची होती. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी गस्त घालत असतात. परकं काही आत आलं की त्यांतल्या काही जणी ते सरळ गिळतात आणि त्याचे तुकडे दुसऱ्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. या दुसऱ्या पेशी असंख्य तऱ्हांच्या असतात, आणि एका तऱ्हेच्या पेशीला जणू एकच वैरी ओळखता येतो. ओळख पटली की ती पेशी वाढायला लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. तिच्या पिलावळीतल्या काही जणी प्रतिपिंडं सोडतात. कुलपात काडी मोडून बसली की किल्ली आत जात नाही, तशी ही प्रतिपिंडं वैऱ्याला चिकटली की त्याला आपल्या पेशीत शिरता येत नाही. आधीच शिरला असेल, तर ती पेशीच मारून टाकणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. शरीराला अशा वेळी दयामाया नसते. पण या सगळ्या तयारीला आठवडाभर तरी लागतो.

माझा दंड सुजला, फोड पिकले, अंग तापलं, काखेत अवधाण आलं. काखेतली ती गाठ म्हणजे या पेशी एकमेकींना भेटायची आणि वाढायची जागा. चुलती म्हणाली, देवी कोपली. कुणी कोपलं नव्हतं, माझं अंग शिकत होतं. खपल्या पडल्या, खळगे राहिले. काम संपल्यावर त्यातल्या बहुतेक पेशी मेल्या, पण काही त्या वैऱ्याचं तोंड लक्षात ठेवून जगल्या. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. भावाच्या दंडावर मात्र दोन-चार दिवसांत काही उरलं नाही. त्याचा तो गुळगुळीत दंड आई शेजारणींना कौतुकानं दाखवायची.

पुढच्या उन्हाळ्यात खऱ्या देवी आल्या, त्या भावाला. घरातली फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. रोगाचं नाव घ्यायचं नाही, कारण अंगात प्रत्यक्ष देवी. एवढ्याशा पोरापुढं आई हात जोडून विचारायची, "बाई, काय पायजे तुमाला?" त्याला पाणी पाहिजे होतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय! त्याच्याजवळ बसून डहाळीनं वारा घालायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याचकडे का, ते सांगायला नको.

मी त्याला खेटून बसायची, त्याचा श्वास माझ्या तोंडावर यायचा. देवीचा विषाणू माझ्या घशात गेला नसेल असं होणंच शक्य नाही. पण आत त्याला ओळखणाऱ्या पेशी जाग्या होत्या, त्यांना आठवडाभर थांबावं लागलं नाही. ओळखणारी पेशी भावाच्या अंगातही असणारच, पण त्याच्या अंगाला तालीमच मिळाली नव्हती. पेशींना मुलगा आणि मुलगी कळत नाही. ते आईला कळत होतं.

तो जगला. त्याच्याही पेशी जिंकल्या, पण उशिरा. तोंडभर वण राहिले आणि दोन्ही डोळ्यांत फुलं पडली. दिसायचं गेलं ते कायमचं.

मला काही झालं नाही, याचा घरात कुणाला आनंद झाला नाही. "देवीनं बी हिला वलांडलं," चुलती म्हणाली. "भावाच्या वाट्याचं समदं हिनंच खाल्लं." आईनं माझ्याकडे बघायचं सोडलं. वाढताना ताट सरकवून द्यायची. मीही कधी तिच्या जवळ गेले नाही. आम्ही दोघी एकाच चुलीवर भाकरी करायचो आणि एकमेकींचं तोंड चुकवायचो. भावाला सांगितलं होतं ते इतकंच, की देवीची मर्जी.

माझं लग्न झालं, भाऊही मोठा झाला. बोटांनी आणि आवाजानं तो सगळं ओळखायचा. एकदा मी माहेरी आले असताना आम्ही तिघं दुपारी ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो. उठायला आधार म्हणून त्यानं माझा दंड धरला आणि त्याची बोटं तिथंच थांबली.

"आक्का, हे काय हाय?"

"देवी काढल्याच्या खुणा. आपल्या दोघांच्या बी काढल्या व्हत्या. तू लहान व्हतास."

त्यानं आपला डावा दंड चाचपला. तिथं तोंडावरच्यासारखे बारीक वण होते, माझ्यासारखे मोठे खळगे कुठंच नव्हते. त्यानं उजवा दंडही चाचपून पाहिला.

"मग माझे कुठं गेले?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. या प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट बघत होते, आणि त्याच्यासमोर आईला उघडं पाडायचं सुख मला हवं होतं. पण तो माझ्याकडे वळलाच नाही. शेंगांचा आवाज येत होता तिकडे तोंड करून त्यानं विचारलं, "माय, माझे कुठं गेले?"

आईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"म्या पुसले," ती म्हणाली. "राख लावून."

"आन आक्काचे?"

"तिचे न्हाई पुसले."

"कावून?"

आई माझ्याकडे बघत होती. भावाचे डोळे गेल्यापासून ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती.

"तू लाडका व्हतास म्हून," ती त्याला म्हणाली.